माणदेशचा माळ, सहारा आणि थोडक्या पाण्यावर जगणारी जनावरं

माणदेशी_मास्तर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. म्हसवडच्या बाजूला एका गावात मी मास्तर आहे. वाळवंटाचा धडा चालू असताना एका मुलीने विचारलं, "सर, दुष्काळात आपल्याकडं गुरं छावणीत न्यावी लागतात. मग वाळवंटातल्या जनावरांचं कसं भागतं?" प्रश्न इतका रास्त आहे की त्याची एका वाक्यात बोळवण करणं पटेना. वाचलेलं, शिकलेलं इथे मांडतो. तुमच्याकडचं तुम्ही घाला, म्हणजे पोरांना नीट सांगता येईल.

आधी आपला मुलूख. महाबळेश्वर आणि म्हसवड एकाच सातारा जिल्ह्यात. तिकडे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, इकडे पाचशेच्या आसपास, तोही धड पडला तर. वर्षाला २५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस असेल त्याला साधारणपणे वाळवंट म्हणतात. त्या हिशोबाने माण, आटपाडी, जत ही वाळवंटं नव्हेत, निमशुष्क प्रदेश आहेत. तरी आपल्या माळावरची जनावरं ज्या युक्त्यांनी उन्हाळा काढतात, त्या सहाराच्याच जातकुळीतल्या.

शरीरातून पाणी जातं ते घामातून, लघवी-शेणातून आणि श्वासातून. वाळवंटातल्या जनावराचं सगळं कसब या वाटा आवळण्यात आहे. पाणी शोधण्यापेक्षा आहे ते न दवडणं, हे त्यांना जास्त जमतं. माठ पाझरतो म्हणून गार राहतो, तसं आपलं अंग घामाने गार राहतं. पण रोज पाझरायचं तर रोज भरायलाही हवं.

उंटाच्या मदारीत पाणी नसतं, चरबी असते. एक ग्रॅम चरबी शरीरात जळली की एक ग्रॅमहून किंचित जास्त पाणी तयार होतं हे खरं. पण ती जाळायला प्राणवायू लागतो, त्यासाठी श्वास घ्यावा लागतो आणि कोरड्या हवेत प्रत्येक श्वासाबरोबर ओल बाहेर जाते. जमाखर्च मांडला तर हाती काहीच उरत नाही. मदार ही अन्नाची शिदोरी आहे. शिवाय चरबी पाठीवर एकाच जागी असल्यामुळे बाकीच्या अंगातली उष्णता सहज बाहेर पडते.

नॉर्वेत जन्मलेले शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्नुट श्मिट-नील्सन १९५३-५४ मध्ये अल्जीरियात, सहारातल्या बेनी अब्बेस या गावी राहिले आणि त्यांनी उंटांची मापं घेतली. पाणी न मिळालेल्या उंटाचं तापमान पहाटे ३४ अंशांपर्यंत उतरतं आणि दुपारी ४० च्या वर जातं. आपल्याला एवढा चढउतार झाला तर दवाखाना गाठावा लागेल. उंट मात्र दिवसभराची उष्णता अंगात साठवतो आणि रात्रीच्या गारव्यात सोडून देतो. पाचशे किलोच्या उंटाला तेवढी उष्णता घामावाटे घालवायची तर साधारण पाच लिटर पाणी खर्चावं लागलं असतं. रोजचे पाच लिटर वाचतात.

माणसाच्या वजनाच्या दहा-बारा टक्के पाणी कडक उन्हात गेलं तर जीव वाचणं कठीण. रक्त दाटतं, हृदयाला ते कातडीपर्यंत खेळवता येत नाही आणि आतली उष्णता एकदम चढते. उंट पंचवीस टक्के गमावूनही चालत राहतो, कारण ते पाणी मुख्यतः पोटातलं आणि पेशींमधलं असतं. रक्तातलं तो राखून ठेवतो. पाणी समोर आलं की दहा-पंधरा मिनिटांत शंभर लिटरपर्यंत पितो. इतकं पाणी एकदम रक्तात उतरलं तर दुसऱ्या जनावराच्या लाल पेशी फुटतील. उंटाच्या लाल पेशी लंबगोल असतात आणि फुगून दुपटीहून मोठ्या झाल्या तरी शाबूत राहतात.

नाकही मोठं कामाचं. आत हाडांच्या पातळ गुंडाळ्या असतात. बाहेर पडणारा श्वास त्यांच्यावरून जाताना थंड होतो आणि त्यातली बरीच ओल तिथेच अडते. पुढच्या श्वासाबरोबर ती परत आत जाते.

---

कृष्णाकाठ

मास्तर, उत्तम धागा. वाचनखूण साठवली. आम्ही वाळवा तालुक्यातले, बारमाही पाटाचं पाणी बघत वाढलेले, त्यामुळे हे सगळं नवंच आहे.

एक शंका. उंटाचं अंग मोठं, म्हणून उष्णता साठवायला जागा आहे. उंदराएवढ्या जिवाचं काय? तो तर घटकेत तापेल.

---

माणदेशी_मास्तर

अगदी बरोबर हेरलंत. लहान जनावर उन्हात तग धरूच शकत नाही, म्हणून ते उन्हात येतच नाही. वाळवंटात दुपारी वरची वाळू साठ-सत्तर अंशांना पोचते, पण दीड-दोन हात खाली तापमान तिशीच्या आसपास असतं. बीळ हेच त्याचं औषध.

अमेरिकेच्या ॲरिझोनाकडच्या वाळवंटात कांगारू उंदीर नावाचा प्राणी आहे. मागच्या लांब पायांवर उड्या मारतो म्हणून हे नाव. तो जन्मभर पाणी न पिता राहू शकतो. खातो काय, तर वाळलेलं बी. ते पचताना, जळताना शरीरात जे थोडं पाणी तयार होतं तेवढ्यावर भागवतो. हे जमतं कारण खर्चच नगण्य आहे. घाम नाही. मूत्रपिंड असं की त्याची लघवी माणसाच्या लघवीच्या चौपट-पाचपट दाट. लेंड्या कोरड्या. दिवसभर बिळात, तिथली हवा त्याच्याच श्वासाने दमट झालेली. रात्री बाहेर पडून बिया गोळा करायच्या आणि पहाटेआधी परत. यावरही श्मिट-नील्सन आणि त्यांच्या पत्नी बोदिल यांनीच काम केलं, उंटांच्या आधी.

पक्षी, साप, सरडे यांना आणखी एक सोय आहे. ते नको असलेला नायट्रोजन युरिक आम्लाच्या रूपात टाकतात. पक्ष्यांच्या विष्ठेतला पांढरा भाग तोच. तो टाकायला पाणी फार थोडं लागतं.

---

रानवाटसरू

पक्ष्यांचा विषय निघालाच आहे तर पखुर्डीबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. माण-खटावच्या माळावर हिंडणाऱ्यांनी ती पाहिली असेल: मातीच्या रंगाची, कबुतराएवढी, सकाळी थव्याने तळ्यावर पाणी प्यायला येणारी. हिचं मुख्य खाणं कोरडं बी, त्यामुळे पाण्याशिवाय भागत नाही. अंडी मात्र पाण्यापासून लांब, उघड्या माळावर घालते. पिल्लं चालायला लागतात तरी उडता येत नाही. मग त्यांना पाणी कसं मिळतं?

नर पाणी आणून देतो, पोटाच्या पिसांत भिजवून. पाण्यात बसतो, अंग हलवतो, पिसं भिजवतो आणि कित्येक किलोमीटर उडत पिल्लांकडे जातो. पिल्लं ती पिसं चोखतात. इंग्लंडमधल्या मीड-वॉल्डो यांनी पाळलेल्या पखुर्ड्यांमध्ये हे पाहून १८९६ मध्ये लिहिलं, पण कित्येक तज्ज्ञांचा विश्वास बसला नाही. १९६७ मध्ये केड आणि मॅक्लीन या दोघांनी आफ्रिकेतल्या पखुर्डीवर काम करून ते पक्कं केलं. या पिसांचे बारीक तंतू कोरडे असताना वेटोळे घालून असतात. भिजले की उलगडून उभे राहतात आणि त्यांच्या दाटीत पाणी धरलं जातं. एक नर साधारण पंचवीस मिलिलिटरपर्यंत पाणी धरतो. ऐकायला थोडं वाटतं, पण पक्षी केवढा ते लक्षात घ्या.

आपल्या माळटिटवीचंही बघा. एप्रिल-मेमध्ये उघड्या खडीवर अंडी. भर दुपारी ती ऊब द्यायला बसत नाही, सावली धरायला बसते. जवळ पाणी असेल तर पोट भिजवून येते आणि अंडी गार करते. दुपारी त्या जोडीला हुसकावलं तर थोड्या वेळातच अंडी निकामी होऊ शकतात. फोटो काढणाऱ्या मित्रांना माझी कळकळीची विनंती आहे, एप्रिल-मेच्या दुपारी टिटवी ओरडायला लागली की पाय मागे घ्या.

---

जतचा_पोरगा

लय भारी माहिती. माझा प्रश्न बेडकांचा हाय. आमच्याकडं आठ-आठ म्हयने डबकं दिसत न्हाई. पर वळवाचा पयला जोरदार पाऊस झाला की त्याच रात्री डराव डराव सुरू. एवढी बेडकं एका रात्रीत येत्यात कुठनं?

---

माणदेशी_मास्तर

येत नाहीत, तिथेच असतात, पायाखाली. आपल्या दख्खनच्या पठारावर जमीन उकरून राहणारे बेडूक आहेत. मागच्या पायाच्या तळव्याला फावड्यासारखा कडक उंचवटा असतो. त्याने माती सारत ते मागच्या बाजूने खाली जातात आणि कोरडे महिने ओलसर मातीत निपचित काढतात. पाऊस झाला की वर येऊन लगेच जोड्या जमतात, कारण डबकं आटायच्या आत बेडकीण शोधणं, अंडी घालणं, पिल्लांचे बेडूक होणं हे सगळं उरकायचं असतं. ऑस्ट्रेलियात तर असा बेडूक आहे जो मूत्राशयात पाणी भरून घेतो आणि अंगावर सुटलेल्या कातडीचं वेष्टन करून जमिनीत पडून राहतो.

गोगलगायही तशीच. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये इजिप्तच्या वाळवंटातल्या गोगलगायीचा शंख १८४६ मध्ये पुठ्ठ्यावर चिकटवून ठेवला होता, मेलेली समजून. १८५० मध्ये पुठ्ठ्यावर डाग दिसले म्हणून शंख कोमट पाण्यात टाकला, तर ती बाहेर आली आणि चालू लागली. चार वर्षं अन्नपाण्याविना. वर्गात हे सांगितलं तेव्हा मधली सुट्टी झाली तरी पोरं उठली नाहीत.

---

चाळकेवाडी_पठार

साताऱ्याहून ठोसेघरच्या पुढे पवनचक्क्यांचं चाळकेवाडीचं पठार आहे. पावसाळ्यात तिथे धो धो पाणी आणि धुकं, पण मार्च ते मे उघड्या कातळावर आणि खडीवर नुसता ताप. त्याच काळात तिथला सरडा दगडावर चढून गळ्याखालचा निळा-काळा-केशरी पंखा उघडमीट करतो. या जातीचं शास्त्रीय वर्णन २०१६ मध्ये झालं, नाव सरडा सुपर्बा, आणि ज्या जागेवरून वर्णन झालं ती जागा आपलीच चाळकेवाडी. साताऱ्यातल्या प्रत्येक शाळेत हे सांगितलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

दगड फार तापला की हे सरडे झुडपाच्या, दगडाच्या सावलीत जातात. ऊन-सावलीची ही ये-जा हेच त्यांचं शरीराचं तापमान सांभाळणं. म्हणून पठारावरचे सुटे दगड उचलून नेणं म्हणजे त्यांचं घर मोडणं.

याच पठारावर पवनचक्क्यांच्या परिणामाचा अभ्यास झाला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी कमी आढळले आणि सरड्यांची संख्या जास्त. एक जीव हलला की साखळी कशी हलते त्याचं उदाहरण आपल्या जिल्ह्यात आहे.

---

कृष्णाकाठ

भर उन्हात बाहेर पडणारा एकही प्राणी नाही का मग?

---

माणदेशी_मास्तर

आहे की. सहारातली रुपेरी मुंगी. सरडे उन्हाला भिऊन बिळात गेले की दुपारीच ती बाहेर पडते, काही मिनिटांपुरती. वाळू साठ-सत्तर अंशांपर्यंत तापलेली असते. उन्हाने मेलेले किडे उचलायचे आणि पळत वारुळात. पाय लांब, त्यामुळे अंग तापलेल्या वाळूपासून जरा वर राहतं. अंगावरच्या केसांचा छेद त्रिकोणी आहे. त्यांच्यामुळे ऊन परावर्तित होतं आणि अंगातली उष्णता बाहेर टाकायलाही मदत होते. हे २०१५ च्या संशोधनात दाखवलं गेलं.

---

डॉ_गुरं

मी सांगलीत पशुवैद्यक आहे. रानातल्या जनावरांचं झालं, थोडं गोठ्यातल्यांचंही बोलू, कारण मास्तरांच्या विद्यार्थिनीचा प्रश्न गुरांचाच होता.

शेळी हे कोरड्या मुलखाचं फार मोठं जनावर आहे. सिनाई आणि नेगेव्हच्या वाळवंटात बदाऊनी या भटक्या पशुपालक लोकांच्या काळ्या शेळ्या दोन ते चार दिवसांआड एकदा पाणी पितात, आणि त्यावर दूधही देतात. कोठीपोट, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाचा सगळ्यात मोठा कप्पा, हा त्यांचा हौद. प्यायलेलं पाणी आधी कोठीपोटात राहतं आणि हळूहळू रक्तात उतरतं, म्हणून पेशींना धक्का बसत नाही. चारा निकस असेल तेव्हा रवंथ करणारी जनावरं युरिया लघवीतून टाकण्याऐवजी पुन्हा कोठीपोटात आणतात. तिथले जिवाणू त्यापासून प्रथिनं करतात. पाणीही वाचतं, पोषणही होतं.

जतची माडग्याळ मेंढी बघा. उंच पाय, चालण्यात दमदार, चाऱ्यासाठी लांब मजल मारणारी. खिल्लारचा आखूड, पांढरा, चकाकणारा केस ऊन परतवतो. याउलट होल्स्टीन संकरित गाय थंड देशाच्या रक्ताची. ऊन वाढलं की तिची धाप वाढते, खाणं कमी होतं, दूध उतरतं. ती पाळू नका असं मी म्हणणार नाही, कितीतरी घरं तिच्या दुधावर उभी आहेत. पण माण-जतच्या उन्हात ती पाळायची तर सावली, वारा आणि चोवीस तास समोर पाणी ही तिन्ही तजवीज आधी हवी. छावणीची वेळ येते त्यात पावसाइतकाच आपण कोणतं जनावर कुठे बांधलं याचाही वाटा असतो, असं माझं मत आहे.

---

आटपाडीची_लेक

डॉक्टर, एक विचारू? आमचे आजोबा मेंढरांमागे हिंडायचे. मे महिन्याच्या उन्हातही खांद्यावर, डोक्यावर काळी घोंगडी. मी लहानपणी म्हणायची, "तात्या, उकडत न्हाई का?" तर म्हणायचे, "ऊन घोंगडीला लागतं, मला न्हाई." काळा रंग तर ऊन जास्त ओढतो ना?

---

डॉ_गुरं

ताई, तुमच्या आजोबांचं बोलणं शास्त्राला धरून होतं. बदाऊनी लोक वाळवंटात काळे, घोळदार झगे का घालतात यावर १९८० मध्ये शोधनिबंध आला होता. काळा झगा पांढऱ्यापेक्षा जास्त उष्णता घेतो, पण ती कापडातच अडते आणि कापड व अंग यांच्यामध्ये खेळणारी हवा ती बाहेर नेते. कातडीपर्यंत पोचणारी उष्णता दोन्ही रंगांत सारखीच भरली. अट एकच, कपडा सैल हवा.

लोकरीचं म्हणाल तर मेंढीवरच मापं घेतलेली आहेत. ऑस्ट्रेलियात कडक उन्हात मेरिनो मेंढीच्या लोकरीचं टोक ८० अंशांच्या वर गेलं असताना आतली कातडी ४२ च्या आसपास होती. उंटाचंही तेच: केस कातरलेल्या उंटाला न कातरलेल्यापेक्षा साधारण दीडपट पाणी खर्चावं लागलं. लोकर थंडीला अडवते तशीच उन्हालाही. म्हणून ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर मेंढ्या अगदी कातडीला लावून कातरू नयेत, बोटभर लोकर राहू द्यावी.

---

आटपाडीची_लेक

हे वाचून फार बरं वाटलं. आईला वाचून दाखवते.

आता दुसरी गोष्ट. आम्ही काही जणी मिळून उन्हाळ्यात माळावर सिमेंटच्या कुंड्या ठेवून पाणी भरतो. खोकड, ससे, पाखरं येतात. इथे चर्चा वाचून वाटायला लागलं की या जनावरांना पाण्याची गरजच नसते का?

---

रानवाटसरू

ताई, तुमच्या कामाबद्दल आदर ठेवूनच लिहितो. मला पाणवठ्यांची ओढ थोडी काळजीची वाटते. चिंकारा पाल्यातून, शेंगांतून, दवातून बरंचसं पाणी मिळवतो. आफ्रिकेतले ओरिक्स रात्री चरतात, कारण दिवसा कोरडाठक झालेला पाला रात्रीच्या हवेतली ओल धरतो. खोकड किडे, उंदीर, बोरं खाते, त्यातून तिचं बरंच भागतं. दुपार ती बिळात काढते. या जनावरांना दुपारची सावली, बीळ उकरायला न नांगरलेली जमीन आणि चरायला गवत लागतं. ते राहिलं तर ती आपली आपण जगतात.

आणि तेच संपत चाललंय. कुसळी, पवना, मारवेल अशा गवतांचा माळ म्हणजे "पडीक" असं समजून चांगल्या भावनेने खड्डे घेतले जातात, गिरिपुष्प लावलं जातं. झाडं लागली की गाव खूश. पण पखुर्डी, धाविक, माळटिटवी झाडीत अंडी घालत नाहीत. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य चिंकाऱ्यासाठीच आहे, पण ते जेमतेम पाच चौरस किलोमीटर. बाकीचा चिंकारा तुमच्या-आमच्या माळावरच जगायचा आहे.

शिवाय गावाजवळच्या पाणवठ्यावर मोकाट कुत्री येतात. ती ससे, खोकडाची पिल्लं मारतात आणि रेबीज, डिस्टेंपरसारखे रोग रानात पोचवतात.

---

आटपाडीची_लेक

तुमचा माळाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण "आपली आपण जगतात" हे पूर्वीचं झालं. माझ्या लहानपणी शुक ओढ्यात उन्हाळ्यातही कुठे कुठे झरे असायचे. आज बोअर इतक्या खोल गेल्यात की झरे बंद. कोल्हा, लांडगा, पखुर्डी जिथे पाणी प्यायचे ती ठिकाणं माणसाने आटवली. मग दोन कुंड्या भरणं हे उपकार नव्हेत, देणं आहे. आणि पखुर्डीला रोज पाणी लागतं हे तुम्हीच वर लिहिलंत.

---

रानवाटसरू

हे मात्र पटलं. झऱ्यांचा मुद्दा मी धरलाच नव्हता. मग कुंडी ठेवायची तर अशी ठेवा: गावापासून आणि रस्त्यापासून लांब, वनविभागाला विचारून. उभ्या काठाची नको, एका बाजूने उतरती, जमिनीच्या पातळीला. आत खडबडीत दगड टाका, म्हणजे पिल्लं, मधमाश्या, सरडे बुडणार नाहीत. आठवड्याला घासून धुवा. एकदा सुरू केली की पाऊस पडेपर्यंत बंद करू नका, कारण जनावरं त्या भरवशावर येतात. आणि शेजारी झाडी लावू नका. पखुर्डीला उतरताना चौफेर दिसायला हवं.

---

जतचा_पोरगा

आमच्याकडं बी एक कुंडी हाय, सरळ काठाची. उद्याच एका अंगानं दगड रचून उतार करतो.

---

माणदेशी_मास्तर

सगळ्यांचे आभार. हा धागा मी छापून वर्गात लावणार आहे. शाळेत एक प्रयोगही करायचा विचार आहे: दुपारी दोनला मैदानावरच्या मातीचं तापमान, एक वीत खाली, एक हात खाली आणि बाभळीच्या सावलीतलं तापमान पोरांनी मोजायचं आणि तक्ता करायचा. मातीत घालायचा तापमापक कुठे मिळेल?

---

डॉ_गुरं

कृषी महाविद्यालयाच्या हवामान विभागात मातीचे तापमापक असतात, पत्र दिलंत तर दोन दिवसांसाठी देतील. नाहीतर तारेच्या टोकाला संवेदक असलेले डिजिटल तापमापक स्वस्तात मिळतात, तेही चालतील. खड्डे नवे खणा. आयत्या बिळात किंवा दगडाखाली पोरांना हात घालू देऊ नका. माणात फुरसं हा विषारी साप भरपूर आहे आणि उन्हाळ्याच्या दुपारी ते नेमकं तिथेच असतं.